वाकडं अंगण, चौरस फुटाला चाळीस

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण ज्याने पाडली त्याने अंगणाला एकदाही पाणसळ लावून पाहिली नसावी. अमरगोळला मी भाड्याने घेतलेल्या दुकानाचं अंगण, म्हणजे आतली जमीन, खरोखरच वाकडी होती. पेन्सिल खाली पडली की ती मागच्या उजव्या कोपऱ्याकडे घरंगळत जायची आणि तिथल्या भेगेत गडप व्हायची. आता मला नाचताही येत नव्हतं हे खरं, पण ते उघड व्हायला अजून अवकाश होता.

अमरगोळ हुबळी आणि धारवाड यांच्या मध्ये आहे. १९६२ साली या दोन शहरांची मिळून एक महानगरपालिका झाली, पण हुबळीकर हुबळीचाच राहिला आणि धारवाडकर धारवाडचाच. मधल्यांना कुणी विचारलं नाही. आता मधून चिगरी बस धावतात, हमरस्त्याला लागून एपीएमसीचं भलंमोठं आवार आहे आणि जवळच नवनगरात राज्याचं विधी विद्यापीठ. अशा जागी उभं राहिल्यावर बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाच्या डोक्यात एकच विचार येतो: झेरॉक्स. एकीकडे परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी दुसऱ्याच्या नोट्स शोधत हिंडणारी कायद्याची पोरं, दुसरीकडे ज्याला शिंकायचं झालं तरी आधार आणि उताऱ्याची प्रत जोडावी लागते तो शेतकरी. मी वहीत हिशेब मांडला. त्यात यंत्र होतं, कागद, टोनर, वीज, भाडं, पाटी रंगवणावळ, उद्घाटनाचे पेढेसुद्धा होते. जमीन नव्हती. जमीन आधीच असते, अशी माझी समजूत होती.

गाळा बारा बाय वीसचा. पूर्वी तिथे मिरचीचं गोदाम होतं, असं मालक म्हणाले. पोती आपटून आपटून कोब्याची चाळण झाली होती. मधोमध एक रुंद भेग, तिला फुटलेल्या उपभेगा, कोपरा चार बोटं खचलेला, आणि उरलेल्या भागावर पाय घासला की पांढरी पूड निघायची. आमच्या सौभाग्यवतींनी ती जमीन पाहिली आणि चप्पल न काढताच परत फिरल्या. झेरॉक्स यंत्राचा तंत्रज्ञ आला, त्याने बोटाने जमीन खरवडली, बोट माझ्या डोळ्यांपुढे धरलं आणि म्हणाला, "सर, ही पूड आत गेली की ड्रम संपला. वॉरंटीचं नाव काढू नका."

म्हणजे जमीन झाकणं आलं. आणि स्वस्तात झाकणं आलं, कारण मी बँकेत होतो. बारा विसे दोनशेचाळीस. चौरस फुटाला एक रुपया वाढला की २४० रुपये वाढले, हे गणित मला झोपेतही घालता येतं, आणि पुढे मी ते झोपेत घालायलाही लागलो.

पहिला मान विनाइलचा. दुर्गदबैलच्या बाजूला एका दुकानात गुंडाळ्या उभ्या होत्या. लाकडाची नक्षी, संगमरवराची नक्षी, एकावर तर गवत. दर चाळीस रुपये. दुकानदार म्हणाला, पसरा आणि चिकटवा, दुपारपर्यंत दुकान चालू. मी सागवानी नक्षी निवडली. दुपारपर्यंत खरोखर अंथरून झालं आणि दुकान एखाद्या हॉटेलच्या बैठकीगत दिसायला लागलं. संध्याकाळी ऊन तिरपं आत आलं तेव्हा कळलं की दोन मिलिमीटर जाडीचं विनाइल खालच्या जमिनीची हुबेहूब नक्कल करतं. भेग होती तिथे सागवानात भेग, खळगा होता तिथे सागवानात खळगा. गोंद चिकटला होता तो पुडीला, आणि पूड जमिनीला चिकटलेली नव्हती. जूनच्या पहिल्या सरींनंतर मधला भाग पुरीसारखा फुगला. पाय दिला की दबायचा आणि दुसरीकडून वर यायचा. त्यावर रिकामं टेबल ठेवलं तर चारही पाय आत रुतून बसले. शंभरेक किलोचं यंत्र त्यावर चाकांवर उभं करण्याची हिंमत काही झाली नाही.

विनाइल गुंडाळून घरी नेलं. ते आता गच्चीवर आहे आणि त्यावर पापड वाळतात. सागवानावर पापड वाळवणारं हुबळीतलं आमचं एकमेव घर असावं.

मग एपॉक्सी. हा शब्द मला एका हितचिंतकाने दिला. हितचिंतक स्वतः कधीही कसलीही जमीन न केलेले, पण मोबाइलवर भरपूर पाहिलेले. इस्पितळात असते, औषधांच्या कारखान्यात असते, आरशासारखी जमीन होते आणि धूळ म्हणून नाही, असं ते म्हणाले. करून घेतली तर महाग. स्वतः केली तर डब्याच्या किमतीत. 'स्वतः केली तर' या तीन शब्दांनी मध्यमवर्गाचं जेवढं नुकसान केलं आहे तेवढं बुडीत कर्जांनीही केलेलं नाही.

एपॉक्सी दोन डब्यांत येते. एकात राळ, दुसऱ्यात ती घट्ट करणारं द्रव्य. दोन्ही ठरलेल्या प्रमाणात मिसळली की रासायनिक क्रिया सुरू होते आणि तिच्यातून उष्णता निघते. जमिनीवर पातळ पसरलेली असली की उष्णता निघून जाते आणि सावकाश काम करायला वेळ मिळतो. बादलीत ढीग करून ठेवली की उष्णतेला वाट नसते. ती आतल्या आत वाढते, जेवढी वाढते तेवढी क्रिया वेगाने होते, आणि जेवढी क्रिया वेगाने होते तेवढी उष्णता वाढते. म्हणून थोडी थोडी कालवायची आणि लगेच ओतून पसरायची. हे सगळं डब्यावर लिहिलेलं होतं, बारीक अक्षरात. तीस वर्षं मी लोकांना बारीक अक्षराखाली फुल्या करून दिल्या आणि "इथे, इथे आणि इथे" म्हणून सह्या घेतल्या. बारीक अक्षर वाचायचं असतं ही कल्पना माझ्या मनाला कधी शिवली नव्हती.

दोन्ही डबे मी एकाच बादलीत रिकामे केले आणि बांबूच्या काठीने छान ढवळलं. करडा रंग, मधाची दाटी. मागच्या भिंतीपासून सुरुवात करून दोन हात रुंदीचा पट्टा ओढला, लांबून पाहिला, स्वतःवर खूश झालो आणि शेजारच्या शिंप्याने चहाला हाक मारली म्हणून गेलो. चहा हुबळीचा, म्हणजे अर्धा कप. पण शिंप्याला मुलाच्या शैक्षणिक कर्जाविषयी विचारायचं होतं, आणि कर्ज म्हटलं की माझी जीभ सैल सुटते. परत आलो तेव्हा बादलीतून वाफ निघत होती. प्लास्टिकची कड मऊ पडून एका बाजूला लवली होती. मी घाईघाईने काठी उपसायला गेलो तर काठीबरोबर बादली उचलली गेली, आणि बादलीबरोबर मी ओढला गेलो. शिंपी धावत आला. आम्ही दोघांनी ती फुटपाथवर नेऊन ठेवली आणि दोन पावलं मागे सरून पाहत राहिलो. येणारे-जाणारेही थांबले. एकाने हात जोडले. करड्या दगडातून वर आलेली काठी पाहून त्याची कसली समजूत झाली, हे मी विचारलं नाही.

ओढलेला पट्टा मात्र वाळून चकचकीत झाला होता, आणि मी त्यातल्या त्यात समाधान मानायला तयार होतो. आठवडा उलटायच्या आत त्यावर फोड आले आणि पापुद्रे सुटायला लागले. पापुद्र्याच्या खालच्या अंगाला जुन्या कोब्याची पूड चिकटून आलेली. म्हणजे एपॉक्सीने आपलं काम चोख केलं होतं, धरलं ते घट्ट धरलं होतं. धरलेलं जागेवर राहिलं नाही, इतकंच.

या टप्प्यावर मी पुण्याच्या भाच्याला फोन केला. भाचा सिव्हिल इंजिनिअर आहे, आणि घरातल्या इंजिनिअरला सगळं करून झाल्यावरच विचारायचं असतं. "मामा," तो म्हणाला, "प्लास्टिक लावून पाहिलंत?" म्हटलं, लावलं होतं, सागवानी. "तसं नाही. प्लास्टिकचा जाड तुकडा घ्या, जमिनीवर चारी कडांनी चिकटपट्टीने हवाबंद डकवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी खालच्या बाजूला दव दिसलं तर ओल जमिनीतून वर येते आहे. मग वर काहीही चिकटवा, ते सुटणार." तुकडा डकवला. सकाळी त्याच्या पोटाला इतके थेंब लटकत होते की कोपरा उचलला तेव्हा ते ओघळून माझ्या चपलेवर पडले. दहा रुपयांची चिकटपट्टी. ही परीक्षा सगळ्यात आधी करायची असते, असं भाचा म्हणाला. तो तसा सभ्य आहे, पुढे काही बोलला नाही.

बोलला ते जमिनीविषयी, आणि मग थांबेना. या भागात खाली काळी माती आहे. कापसाला उत्तम, म्हणून तर हुबळी कापसाची पेठ झाली. पण बांधकामाला वैरीण. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते पाणी पिऊन फुगतं आणि उन्हाळ्यात आक्रसतं. पावसाळ्यात माती कोबा वर ढकलते, मे महिन्यात त्याच्याखालून अंग काढून घेते. मधल्या मध्ये कोबा फुटतो, पोत्यांचा नुसता बोभाटा. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी यावर वर्षानुवर्षं संशोधन केलं. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा, मुरमासारख्या मातीचा, थर दाबून बसवला की खालचं फुगणं आवरलं जातं, हे त्यांनी दाखवलं, आणि ही पद्धत आपल्याकडेच मलप्रभेच्या कालव्यावर वापरली गेली. "म्हणजे मामा, ज्या मलप्रभेचं पाणी तुम्ही पिता…" मी फोन कानापासून जरा लांब धरला. काळ्या मातीचं ज्ञान मला नको होतं असं नाही, पण त्याचा चौरस फुटाचा दर तो सांगत नव्हता.

त्या संध्याकाळी मन रमवायला गावातल्या शंकरलिंगाच्या देवळात गेलो. देऊळ चालुक्यांच्या काळातलं, पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात. देवाला नमस्कार केला, पण नजर खाली. माझी नजर त्या दिवसांत कुठेही गेलो तरी खालीच असायची. लोक मला विनयशील समजायला लागले होते. दगडी तळ शतकानुशतकं पाय झेलून गुळगुळीत झालेला, आणि जागच्या जागी. दुसऱ्या दिवशी एका मिस्त्रीला बोलावलं आणि आवाजात थोडा दर्द आणून म्हटलं, "त्यांची जमीन शेकडो वर्षं टिकली, आमच्या कोब्याला धड एक पिढी काढता आली नाही!"

मिस्त्रीने तंबाखू मळता मळता गाळ्याकडे पाहिलं. "हौद्री," तो म्हणाला. "मग कोटेशन चालुक्यांकडूनच घ्या की."

हा माणूस मला पहिल्या वाक्यातच आवडला होता, ते मी दर ऐकेपर्यंत लपवून ठेवलं. त्याने टाच आपटत दुकानभर फेरी मारली. आपटल्यावर कुठे भरीव आवाज, कुठे पोकळ. चकचकीत मोठ्या टाइल्स लावू का, असं विचारल्यावर म्हणाला, लावा; खाली पोकळ राहिली तर पहिल्या पोत्याला तडकेल, एक तडकली की जोडीची मिळत नाही, आणि तिच्या जागी दुसऱ्या रंगाची बसवली की गिऱ्हाईक तिच्याकडेच बघतं. नवा कोबा? जमीन बसलेली असली आणि नुसती वर पूड निघत असली तर तो सगळ्यात स्वस्त. घासून वर हार्डनर मारला तरी भागतं. पण इथे कोपरा खचला आहे. मग काय करायचं? "शहाबादी. जुनी मिळाली तर बघा. आणि खाली मुरूम." कट्टी सरांचं सगळं संशोधन मिस्त्रीने तंबाखूच्या चिमटीबरोबर दोन शब्दांत गालात सारलं.

शहाबादी म्हणजे आमच्याच राज्यातल्या कलबुर्गीकडचा चुनखडीचा दगड. वाडी-शहाबादच्या त्याच चुनखडीतून सिमेंटही होतं, तेव्हा फरशी आणि तिला धरून ठेवणारं सिमेंट ही एका गोत्रातली. धारवाडात एक जुनं घर पाडत होते, तिथल्या फरश्या स्वस्तात मिळाल्या: बावीस इंची, इंचभर जाड, करड्या-निळ्या, कडेला जुन्या चुन्याचे ढलपे. मी त्या उजळायला ॲसिडची बाटली घेऊन आलो. मिस्त्रीने ती माझ्या हातातून काढून घेतली. चुनखडीवर ॲसिड टाकलं की फेस येतो आणि दगडाचं तोंड खाऊन जातं. शाळेत हा प्रयोग मी केला होता, त्यात मला चांगले गुणही होते.

खोदकाम सुरू झालं त्या दिवसाची आठवण आळीत अजून निघते. ब्याडगी मिरची रंगाला जास्त आणि तिखटाला कमी, असं सगळे सांगतात. २०११ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं ते या लौकिकावरच. असेल. ज्यांनी हे ठरवलं ते माझ्या दुकानात पहार घेऊन उभे नव्हते. वर्षानुवर्षांच्या मिरचीची पूड भेगांतून खाली उतरून कोब्याखाली थर करून बसली होती. पहिली चीप उखडली आणि खालून लाल धूर उठला. पहारवाला शिंकला. घमेलंवाली बाई शिंकली, घमेलं पडलं, त्यातूनही लाल धूर उठला. मिस्त्री शिंकता शिंकता मला काहीतरी सांगत होता, ते "शटर" आहे की शिवी आहे हे कळायला मार्ग नव्हता, कारण मीही शिंकत होतो. शिंपी गळ्यात टेप घेऊन बाहेर आला. आत त्याच्या गिऱ्हाइकाचं माप निम्म्यावर राहिलं होतं. पलीकडच्या बेकरीवाल्याने पाव झाकले. त्यात मी शहाणपणा करून टेबलफॅन लावला. फॅनने तो धूर उचलून सरळ रस्त्यावर नेला आणि बसची वाट पाहणारी माणसं एकामागून एक रुमाल काढू लागली. शेवटी पाणी मारून मारून ती पूड बसवली, आणि संध्याकाळपर्यंत आळीभर फोडणीचा वास होता. सौभाग्यवती डबा घेऊन आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "अहो, झेरॉक्सचं दुकान काढताय ना नक्की?"

फूटभर काळी माती काढायची आणि मुरूम भरायचा, एवढंच काम कागदावर होतं. मुरूम ब्रासने येतो, ब्रास म्हणजे १०० घनफूट. २४० चौरस फुटांना, दाबून बसण्याचा भाग धरून, तीन ब्रास. ते मी चुटकीसरशी काढलं. निघालेल्या मातीचं काय करायचं, हे मात्र कुठल्याच कोष्टकात नव्हतं. काळी माती जमिनीत असते तेव्हा तिला सोन्याचा भाव. दुकानासमोर तिचा ढीग पडला की फुकटसुद्धा कुणी नेत नाही. ट्रॅक्टरवाल्याने ती न्यायचे जे पैसे घेतले त्यात फरश्या आल्या असत्या. मग मुरमाचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि धुमस. त्यावर ओलीला अडवायला जाड प्लास्टिक. त्यावर तीन इंच काँक्रीट. पाणी मारायचं काम मी हट्टाने स्वतःकडे घेतलं. सिमेंटला निदान सात दिवस ओल ठेवावी लागते. जुन्या कोब्याची पूड व्हायला तीच कसर भोवली असणार, असा मिस्त्रीचा अंदाज होता. मी सकाळ-संध्याकाळ पाइप घेऊन उभा. शेजारी विचारायचे, दुकान कधी उघडणार? मी पाणी मारत म्हणायचो, उगवलं की.

फरशी बसवताना पाहणं हा एक स्वतंत्र आनंद आहे. मिस्त्री कालवलेल्या मालावर फरशी अलगद सोडायचा, थापीच्या दांड्याने ठोकायचा, कान देऊन आवाज ऐकायचा, मग पुन्हा उचलून कोपऱ्याखाली चिमूटभर माल सारायचा. पाणसळ शेवटी, कानाची खात्री करायला. मी पेन्सिल ठेवून पाहिली. पेन्सिल जागची हलली नाही. मिस्त्रीने ती उचलून कानावर ठेवली आणि ती त्याचीच झाली.

रस्त्याचं पाणी आत येऊ नये म्हणून फरशी दोन इंच वर घ्या, असं मी बजावलं होतं. मिस्त्री तेव्हा म्हणाला होता, "शटर?" मी म्हणालो होतो, शटरचं नंतर बघू. शिंकांमध्येही तो तेच सांगत होता म्हणे. दरजा भरून झाल्या, त्याचे पैसे चुकते झाले, तो सायकलवर टांग टाकून गेला, आणि मी शटर ओढलं. ते दोन इंच आधीच टेकलं. कुलपाच्या कड्या जुन्या पातळीला, म्हणजे आता फरशीच्या पोटात. कड्या कापून वर जोडायला वेल्डर सकाळी येणार होता. रात्रभर खुर्ची टाकून मी राखणीला बसलो. आत चोरण्यासारखं काही नव्हतं, फरशी सोडून. आणि ती उचकटायला चोरालाही निदान मिस्त्री लागला असता.

पुढच्याच आठवड्यात मालक आले. फरशीवर चप्पल काढून उभे राहिले, पायाला गार लागतं म्हणाले, मुलाला हाक मारून दाखवली, आणि जाता जाता म्हणाले की आता जागा सुधारली आहे तर भाड्याचं एकदा बोलून घेऊ. ते बोलणं अजून चालू आहे.

यंत्र मात्र बसलं, ड्रमही शाबूत आहे. कायद्याची पोरं येतात, उताऱ्यावाले येतात. पण सगळ्यात जास्त येतात ते आसपासचे गाळेवाले, हातात आपापल्या कोब्याची चीप घेऊन. काल एक अडत्या आला, कागदाच्या पुडीत पांढरी पूड. मी चष्मा लावला, पूड बोटांत चोळली, ओल येते का विचारलं, चिकटपट्टीचा प्रयोग सांगितला, विनाइलचा दर ऐकून मान हलवली. अर्धा तास गेला, मागे गिऱ्हाइकं ताटकळली. फी किती, असं त्याने विचारलं. म्हटलं, सल्ल्याची फी कसली! मिस्त्रीचा फोन नंबर एका चिठ्ठीवर लिहून ठेवला आहे; तिची प्रत काढून त्याच्या हातात दिली आणि दोन रुपये घेतले.